अणुकेंद्रकाची रचना संगणकावर कशी काढतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बी.एस्सी.च्या पोरापोरींना फिजिक्स शिकवते. माझी पीएच.डी. शेल मॉडेलच्या, म्हणजे केंद्रकात कवचं मानणाऱ्या पद्धतीच्या, गणनांवर झाली. प्रॅक्टिकल आटोपल्यावर, एसटीची वाट पाहताना किंवा रात्री व्हॉट्सॲपवर मला जे प्रश्न येतात, ते इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत. काही प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही त्यांच्या आईवडिलांचे.

मॅडम, केंद्रकाची 'रचना' म्हणजे नेमकं काय काढायचं असतं?

पैनगंगेतली मूठभर रेती घ्या. तिच्यात सिलिकॉन आहे, आणि निसर्गातल्या सिलिकॉनपैकी जवळपास ९२ टक्के सिलिकॉन-२८ असतं, म्हणजे १४ प्रोटॉन आणि १४ न्यूट्रॉन. आता प्रश्न असे: हे २८ कण एकमेकांना किती घट्ट धरून आहेत? केंद्रक गोल आहे की चपटं? त्याला ऊर्जा दिली तर ते कोणत्या पायरीवर चढतं? प्रयोग सांगतो की पहिली पायरी १.७७९ एमईव्हीवर (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक) आहे, तिथे फिरक (स्पिन) २ आहे, आणि तिथून खाली उतरताना केंद्रक तेवढ्याच ऊर्जेचा गॅमा किरण सोडतं. हा आकडा मोजता येतो. आपलं काम म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनमधल्या बलापासून सुरुवात करून गणिताने त्या आकड्यापर्यंत पोहोचणं, आणि पोहोचलो नाही तर का नाही ते शोधणं. हे दुसरं काम मला पहिल्याहून मोलाचं वाटतं.

श्रोडिंगरचं समीकरण माहीत आहे. मग ते सरळ सोडवत का नाही?

अडचणी दोन आहेत. अणूतल्या इलेक्ट्रॉनसाठी कूलोंबचं, म्हणजे विद्युतभारांमधलं, बल नेमकं ठाऊक असतं. प्रोटॉन-न्यूट्रॉनमधलं बल तसं एका ओळीत लिहिता येत नाही. ते एक-दोन फेम्टोमीटर (मीटरच्या एक लाख कोटीव्या भागाचा दहावा हिस्सा म्हणजे एक मीटर भागिले १०^१५) अंतरातच काम करतं, फिरकेवर अवलंबून असतं, फार जवळ गेलं की उलट दूर ढकलतं, आणि तीन कण एकत्र आले की दोघादोघांच्या बलांच्या बेरजेपेक्षा वेगळं काहीतरी त्यात भरतं. दुसरी अडचण संख्येची. शिशाच्या केंद्रकात २०८ कण आहेत. इतक्यांचं समीकरण जसंच्या तसं मांडलं तर जगातल्या कोणत्याही संगणकाची मेमरी पुरत नाही. म्हणून प्रत्येक पद्धत काहीतरी सोडून देते. काय सोडलं आणि त्यामुळे काय हुकलं, हे ज्याला सांगता येतं त्याला ती पद्धत कळली असं मी धरते.

सुरुवात कुठून करू? माझ्याकडे फक्त एक्सेल आहे.

एक्सेल पुरेसं आहे. १९३५ साली वाइझसेकरने दिलेल्या बंधनऊर्जेच्या, म्हणजे केंद्रकातले सगळे कण सुटे करायला लागणाऱ्या ऊर्जेच्या, सूत्रापासून सुरू करा. ते केंद्रकाला द्रवाचा थेंब मानतं. मी वर्गात कडब्याच्या गंजीचं उदाहरण देते. आतल्या पेंढीला चारही बाजूंनी दाब असतो, बाहेरच्या पेंढीला एकाच बाजूने. म्हणून जितके कण तितकी ऊर्जा जमा करायची आणि पृष्ठभागावरच्या कणांपोटी काही वजा करायची. प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात, त्यापोटी आणखी वजा. न्यूट्रॉन-प्रोटॉनची संख्या असमान असली की पुन्हा वजा. शेवटी जोडीसाठी थोडी बेरीज: दोन्ही संख्या सम असल्या की केंद्रक जरा जास्त घट्ट असतं.

आकडे असे घ्या. कणांच्या एकूण संख्येला १५.८ ने गुणा. त्यातून १८.३ गुणिले त्या संख्येचा दोन-तृतीयांश घात वजा करा. मग ०.७१४ गुणिले प्रोटॉनसंख्या गुणिले एकने कमी प्रोटॉनसंख्या, भागिले एकूण संख्येचं घनमूळ, तेही वजा करा. मग २३.२ गुणिले न्यूट्रॉन-प्रोटॉनच्या फरकाचा वर्ग, भागिले एकूण संख्या, हेही वजा. शेवटी सम-सम केंद्रकासाठी १२ भागिले एकूण संख्येचं वर्गमूळ मिळवा. उत्तर एमईव्हीमध्ये येतं.

लोखंड-५६ साठी करून पाहू. ८८४.८ मधून २६७.९, १२१.३ आणि ६.६ वजा केले, १.६ मिळवले, उत्तर आलं ४९०.६. मोजलेली बंधनऊर्जा ४९२.३ आहे. पाच आकड्यांच्या जोरावर अर्ध्या टक्क्याच्याही आत! बहुतेक मुलं इथे वही मिटतात. मी त्यांना थांबवते आणि शिसं-२०८ करायला लावते. तिथे सूत्र १६२८.५ देतं, मोजलेली १६३६.४ आहे. म्हणजे प्रत्यक्षातलं शिसं आपल्या थेंबापेक्षा जवळपास ८ एमईव्हींनी जास्त घट्ट आहे.

मग हे ८ एमईव्ही आले कुठून?

या प्रश्नानेच केंद्रकाचं भौतिकशास्त्र बदललं. शिशात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन आहेत. २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि १२६ या संख्यांना केंद्रकं विशेष घट्ट होतात. या मॅजिक संख्या. थेंबाला त्यांची गंधवार्ताही नसते. निष्क्रिय वायूंच्या अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची कवचं भरतात, तशी कवचं इथेही असली पाहिजेत हे दिसत होतं, पण साध्या विहिरीसारख्या विभवात गणित केलं की २, ८, २० जुळायचे आणि पुढे सगळं कोलमडायचं.

मारिया गोपर्ट-मायर शिकागोत या कोड्यावर काम करत होत्या. एन्रिको फर्मींनी त्यांना सहज विचारलं की फिरक आणि कक्षा यांच्या जोडबलाचा काही पुरावा दिसतो का. त्यांच्या डोक्यात सगळं तिथेच जुळलं. कणाची फिरक त्याच्या कक्षीय गतीच्या दिशेने असेल तर पातळी चांगलीच खाली येते, उलट असेल तर वर जाते, आणि मग २८, ५०, ८२, १२६ आपोआप निघतात. १९४९ साली त्यांनी हे मांडलं. त्याच वर्षी जर्मनीत हाक्सेल, येन्सन आणि स्यूस यांनी स्वतंत्रपणे तेच मांडलं. १९६३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचं निम्मं मायर आणि येन्सन यांना मिळून मिळालं, उरलेलं निम्मं विग्नर यांना. शिकागोत मायर प्राध्यापक म्हणून बिनपगारी काम करत होत्या. पूर्ण पगाराची प्राध्यापकी त्यांना १९६० साली सॅन डिएगोत मिळाली. माझ्या वर्गातल्या मुलींना मी ही गोष्ट दर वर्षी सांगते आणि सांगत राहणार आहे.

शेल मॉडेलमध्ये संगणक नेमकं काय करतो?

भरलेली कवचं बाजूला ठेवतो आणि उरलेल्या थोड्या कणांचं गणित पूर्ण करतो.

ऑक्सिजन-१८ घ्या. आतले ८ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन म्हणजे बंद ऑक्सिजन-१६, त्याला हात लावायचा नाही. उरले दोन न्यूट्रॉन. त्यांना बसायला तीन कक्षा आहेत, त्यांत ६, २ आणि ४ अशा मिळून १२ जागा. या कक्षांमधलं अंतर ऑक्सिजन-१७ च्या मोजलेल्या पातळ्यांवरून कळतं: तिथे एकच न्यूट्रॉन बाहेर असतो, आणि त्याच्या पातळ्या तळापासून ०.८७१ आणि ५.०८५ एमईव्हीवर सापडतात. १२ जागांत दोन कण बसवण्याच्या ६६ रीती. एकूण फिरक शून्य हवी असेल तर मात्र तीनच संयोग उरतात: दोन्ही कण पहिल्या कक्षेत, दोन्ही दुसऱ्या, किंवा दोन्ही तिसऱ्या. तीन बाय तीनचं मॅट्रिक्स, हाताने सुटणारं. माझ्या मते प्रत्येक विद्यार्थ्याने ते एकदा हातानेच सोडवावं, म्हणजे पुढे संगणक काय करतोय ते अंगवळणी पडतं.

आता कण वाढवत जा. फिरकेचा एका अक्षावरचा घटक शून्य धरून संयोग मोजले तर ऑक्सिजन-१८ साठी १४, निऑन-२० साठी ६४०, मॅग्नेशियम-२४ साठी २८,५०३ आणि आपल्या रेतीतल्या सिलिकॉन-२८ साठी ९३,७१० होतात. पुढच्या कवचात प्रोटॉनांसाठी २० आणि न्यूट्रॉनांसाठी २० जागा आहेत. तिथे निकेल-५६ चे संयोग १०८ कोटींवर जातात. कण दुप्पट झाले म्हणून काम दुप्पट होत नाही. पाऊस लांबला की तणाचं जे होतं तसं, बघता बघता वावर भरून जातं.

एवढ्या मोठ्या मॅट्रिक्सच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू (इथे त्या म्हणजेच केंद्रकाच्या ऊर्जापातळ्या) कोणी काढत नाही, कारण आपल्याला खालच्या पाच-दहाच हव्या असतात. त्यासाठी कॉर्नेलियस लांचोश यांनी १९५० साली दिलेली रीत वापरतात. एक कसाही व्हेक्टर घ्या, मॅट्रिक्सने गुणा, आलेल्या व्हेक्टरमधून आधीच्या व्हेक्टरांचा भाग काढून टाका, पुन्हा गुणा. खळ्यावर उफणताना एका टोपल्यात कुटार आणि दाणा पूर्ण वेगळे होत नाहीत, पण पुन्हा पुन्हा वाऱ्यावर धरलं की दाणा आपोआप एका बाजूला पडतो. तशा इथे टोकाच्या आयगेनव्हॅल्यू लवकर स्थिरावतात. लाखभर मिती असली तरी शंभराच्या आसपास फेऱ्यांत खालच्या पातळ्या हाती येतात.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर हे चालेल का? गावात लाइटही जाते.

चालेल. सिलिकॉन-२८ चा एक व्हेक्टर म्हणजे ९३,७१० आकडे, प्रत्येकी ८ बाइट, पाऊण एमबीसुद्धा भरत नाही. निकेल-५६ चा एकच व्हेक्टर साध्या अचूकतेतही चार जीबीच्या वर जातो, आणि असे कित्येक साठवावे लागतात. तिथे क्लस्टर, म्हणजे जोडलेल्या अनेक संगणकांचा संच, लागतो. तोवर करण्यासारखं भरपूर आहे.

लिनक्स बसवा. बिगस्टिक आणि केशेल हे शेल मॉडेलची गणना करणारे दोन्ही प्रोग्राम मोफत मिळतात, फोर्ट्रानमध्ये आहेत, आणि मोबाइलच्या डेटावर उतरवता येतात. एकदा उतरवले की नेटची गरज नाही. यूएसडीबी नावाची बलांची फाइलही घ्या. ब्राउन आणि रिक्टर यांनी २००६ मध्ये ती तयार केली. तिच्यात ६६ आकडे आहेत: ३ कक्षांच्या ऊर्जा आणि ६३ दोन-कणांच्या बलाचे घटक, मोजलेल्या पातळ्यांशी ताडून ठरवलेले.

लाइटबद्दल. पीएच.डी.च्या काळात गावी असताना माझी एक गणना बारा तास चालली आणि भारनियमनात मशीन बंद पडली. हाती काही उरलं नाही, कारण मधले व्हेक्टर डिस्कवर साठवायचा पर्याय मी लावलाच नव्हता. तो आधी लावा. मग लाइट आल्यावर गणना थांबली तिथून पुढे चालू होते. लॅपटॉपची बॅटरी उतरली असेल तर मोठी गणना रात्री दहानंतर लावा. आमच्याकडे तेव्हा लाइट टिकते.

उत्तर आलं, पण ते बरोबर आहे हे कसं ओळखू?

माझी चूक सांगते, तुमचा महिना वाचेल. सिलिकॉन-२८ च्या पातळ्यांचा क्रम नीट दिसत होता म्हणून मी निश्चिंत होते. पण बंधनऊर्जा कित्येक एमईव्हींनी जास्त येत होती. कारण असं की यूएसडीबीचे दोन-कणांचे आकडे १८ वस्तुमानांकासाठी (वस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनची एकूण संख्या) दिलेले असतात. केंद्रक मोठं झालं की ते १८ भागिले वस्तुमानांक, त्याचा ०.३ घात, या गुणकाने कमी करायचे असतात. २८ साठी हा गुणक ०.८८ च्या आसपास येतो. मी तो लावायला विसरले होते. म्हणून एकच आकडा जुळला की थांबू नका. बंधनऊर्जा पाहा, पातळ्या पाहा, गॅमा संक्रमणांचा वेग पाहा. आणि ऑक्सिजन-१८ पासून सुरू करा, कारण ते हाताने तपासता येतं.

आणखी एक जागा जिथे सगळे अडखळतात: या गणनेतली ऊर्जा ऑक्सिजन-१६ पासून मोजलेली असते आणि तिच्यात प्रोटॉनांचं विद्युत अपकर्षण धरलेलं नसतं. ते वेगळं हिशोबात घ्यावं लागतं.

मोजलेले आकडे अमेरिकेतल्या ब्रूकहेवनच्या न्यूडॅट या मोफत सारणीत मिळतात. वस्तुमानांसाठी एएमई २०२० ही सारणी वापरा.

शिसं, युरेनियम अशा जड केंद्रकांचं काय?

तिथे शेल मॉडेलचे संयोग आवाक्याबाहेर जातात, म्हणून सरासरी क्षेत्राची पद्धत वापरतात. दाटीवाटीच्या एसटीत एक जण सरकला की शेजारचा सरकतो, त्याच्यामुळे पहिला पुन्हा थोडा हलतो, आणि दोन-चार थांब्यांनंतर सगळे आपापल्या जागी बसतात. हार्ट्री-फॉक पद्धतीत प्रत्येक कण बाकी सगळ्यांनी मिळून बनवलेल्या क्षेत्रात फिरतो. त्या क्षेत्रातून नव्या कक्षा निघतात, नव्या कक्षांतून नवं क्षेत्र, आणि बदल थांबेपर्यंत हे चक्र चालतं. बल म्हणून बहुधा स्किर्मने १९५० च्या दशकात सुचवलेलं, दहाएक आकड्यांत मावणारं रूप घेतात. व्होत्रँ आणि ब्रिंक यांनी १९७२ मध्ये ते प्रत्यक्ष गणनेत उतरवल्यापासून ही पद्धत रुळली.

तिचं मोठं बळ म्हणजे नकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी केंद्रकं एकाच बलाने काढता येतात. २०१२ मध्ये अशा गणनांवरून निघालेला अंदाज असा की १२० प्रोटॉनांपर्यंत सुमारे ६,९०० केंद्रकं बांधलेली राहू शकतात, पाचशे इकडे-तिकडे. आजवर पाहिलेली तीन हजारांहून थोडी जास्त आहेत. न पाहिलेल्यांपैकी बरीचशी न्यूट्रॉनांनी गच्च भरलेली आहेत, आणि मंगळसूत्रातलं सोनं ज्या वाटेने तयार झालं ती त्यांच्यातूनच जाते. ती वाट समजायला त्यांची वस्तुमानं लागतात, आणि बहुतेकांची प्रयोगशाळेत अजून मोजताच आलेली नाहीत. मला या विषयाची ओढ लागली ती इथेच.

गोल की लांबट, हे पटकन कळतं का?

अंदाज बांधता येतो. ४ फिरकेच्या पहिल्या पातळीला २ फिरकेच्या पहिल्या पातळीने भागा. ३.३३ च्या जवळ आलं तर लांबट किंवा चपटं केंद्रक फिरतंय, २ च्या जवळ आलं तर गोल केंद्रक थरथरतंय. मॅग्नेशियम-२४ साठी ४.१२३ भागिले १.३६९, म्हणजे ३.०१. निल्सनने १९५५ मध्ये अशा विकृत आकारासाठी कक्षा मोजल्या. ऑग बोर, मॉटेलसन आणि रेनवॉटर यांना १९७५ चं नोबेल याच विषयासाठी मिळालं.

'अब इनिशिओ' म्हणजे काय? तेच खरं, बाकी सगळं जुगाड, असं एका सिनियरने सांगितलं.

अब इनिशिओ म्हणजे 'मुळापासून'. दोन आणि तीन कणांमधली बलं क्वार्कांच्या (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनलेले असतात त्या कणांच्या) सिद्धांताशी सुसंगत रीतीने लिहायची, आणि एकेका केंद्रकासाठी आकडे न जुळवता पुढचं गणित करायचं. हे फार सुंदर काम आहे, पण बाकीच्यांना जुगाड म्हणणं मला पटत नाही. इथेही काहीतरी सोडावंच लागतं.

कार्बन-१२ पाहा. त्याची ७.६५ एमईव्हीवरची पातळी नसती तर ताऱ्यांत पुरेसा कार्बन तयारच झाला नसता. फ्रेड हॉइल यांनी ताऱ्यांतला कार्बन पाहून ती असणारच असं १९५३ मध्ये सांगितलं, मग ती सापडली. शेल मॉडेलच्या पद्धतीने ती काढणं महाकठीण, कारण त्या अवस्थेत केंद्रक तीन हेलियमच्या सैल गुच्छासारखं असतं. २०११ मध्ये जर्मन-अमेरिकन गटाने अवकाशाची जाळी करून, जर्मनीतल्या युलिशच्या महासंगणकावर ती मुळापासून काढली.

२०२२ मध्ये तर शिसं-२०८ पर्यंत हात पोहोचला. शिशात न्यूट्रॉन जास्त असल्याने बाहेर त्यांची एक पातळ साल उरते. मुळापासूनच्या गणनेने तिची जाडी ०.१४ ते ०.२० फेम्टोमीटर सांगितली. त्याआधी २०२१ मध्ये अमेरिकेत इलेक्ट्रॉन शिशावर आदळवून मोजलेली जाडी ०.२८३ होती, अनिश्चितता ०.०७१. दोन्हींत थोडी ओढाताण आहे आणि ती अजून मिटलेली नाही.

एआय आणि क्वांटम कॉम्प्युटर आले, आता हे सगळं शिकून काय उपयोग?

न्यूरल नेटवर्क सूत्र आणि मोजमाप यांच्यातला फरक शिकून वस्तुमानांचे अंदाज सुधारतं, हे खरं. पण जिथे एकही मोजमाप नाही तिथे त्याच्या भरवशावर जाता येत नाही, आणि आपल्याला जायचं तिथेच असतं. क्वांटम संगणकावर २०१८ मध्ये ड्यूटेरॉन, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन, काढून झाला. सुरुवात चांगली आहे.

पोरगी अणूचं शिकते म्हणते. हे बॉम्बचं काम आहे का?

नाही, काका. केंद्रक कसं बांधलेलं आहे हे समजून घ्यायचं हे काम आहे, आणि त्याचे प्रोग्राम आणि आकडे सगळ्या जगाला मोफत मिळतात.

"पोरीले नोकरी भेटते का याच्यातून?"

खरं सांगते. या विषयाच्या जागा थोड्या आहेत. नेट, जेस्ट किंवा गेट यांपैकी एखादी परीक्षा देऊन पीएच.डी.ला जाता येतं. मुंबईचं टीआयएफआर, कोलकात्याचं व्हीईसीसी आणि दिल्लीचं आययूएसी या संशोधन संस्थांत केंद्रकांवर काम चालतं, आणि गॅमा किरण मोजणारी देशाची सामायिक मांडणी या तिघांमध्ये आलटून पालटून फिरते. पाच-सहा वर्षं फेलोशिपवर काढावी लागतात. दोन एकर कोरडवाहू असलेल्या घराला हा काळ जड जातो, हे मी स्वतः पाहिलंय. पण फोर्ट्रान, पायथन, लिनक्स आणि मोठी मॅट्रिक्स हाताळायची सवय वाया जात नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानाच्या संस्थेत मान्सूनची मॉडेलं चालवायला हीच कौशल्यं लागतात. बारावीला गणित कच्चं होतं म्हणून मागे हटू नका. मॅट्रिक्स आणि डिफरेन्शिअल समीकरणं बी.एस्सी.त पक्की केली तरी चालतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत करता येईल असा एखादा प्रोजेक्ट सांगा.

चुन्यातलं कॅल्शियम घ्या. न्यूडॅटवरून सम वस्तुमानांच्या कॅल्शियमची २ फिरकेची पहिली पातळी काढा. तुम्हाला एमईव्हीमध्ये हे आकडे मिळतील: ४० साठी ३.९०, ४२ साठी १.५२, ४४ साठी १.१६, ४६ साठी १.३५, ४८ साठी ३.८३, ५० साठी १.०३, ५२ साठी २.५६, ५४ साठी २.०४. आलेख काढा. ४० आणि ४८ ला उंच टोकं दिसतील, ती २० आणि २८ न्यूट्रॉनांची मॅजिक संख्या. मग त्याच केंद्रकांसाठी थेंबाच्या सूत्राने बंधनऊर्जा काढा आणि ही टोकं तिथे कुठे दिसतात का ते तपासा. त्यानंतर केशेलवर २० जागांचं कवच घेऊन, बाहेर फक्त न्यूट्रॉन ठेवून ४२ पासून पुढे तीच पातळी काढा (४० मध्ये बाहेर एकही न्यूट्रॉन उरत नाही). प्रोटॉन नसल्यामुळे मॅट्रिक्स लहान राहतं, लॅपटॉपवर सहज सुटतं. जीएक्सपीएफ१ए आणि केबी३जी ही दोन बलं वेगवेगळी लावा, आणि ५२ व ५४ कडे नीट लक्ष द्या. ५४ चा बिंदू जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेत मोजला गेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ३४ न्यूट्रॉनांना तिथे नवी मॅजिक संख्या म्हणावी का, यावर तुमची दोन बलं वेगवेगळं सांगत असतील, तर दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर घेऊन या.